रोख आहेर आणि आयकर

सातारा-सांगलीकडील पुष्कळ दुष्काळी व डोंगरी गांवांत नुसत्या शेतीवर घर चालत नाहीं. खानापूर-आटपाडीचे लोक सोनें-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठीं देशभर पांगले. पाटण-जावळीकडील माणसें मुंबईस माथाडी कामास गेलीं. त्यांजकडून घरीं पैसे येतात. शिवाय लग्नाचा आहेर, वास्तुशांतीची भेट असतेच. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाहीं, तेव्हां या पैशावरही नसावा, अशी अनेकांची समजूत आहे. परंतु भेट म्हणून आलेली रक्कम शेतीचें उत्पन्न ठरत नाहीं. तिचा नियम निराळा आहे.

१९५८ च्या कायद्यानें देणगीवरील कर देणाऱ्यावर होता. १ ऑक्टोबर १९९८ पासून तो उठला. पुढें १ सप्टेंबर २००४ पासून भार घेणाऱ्यावर आला. आरंभीं २५,००० रुपयांची असलेली मर्यादा १ एप्रिल २००६ पासून ५०,००० झाली. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागीं २०२५ चा कायदा झाला. त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. त्यांतही हा नियम कायम राखला आहे.

एप्रिल ते मार्च या वर्षांत परक्यांकडून आलेल्या रकमांची एकंदर बेरीज ५०,००० पर्यंत असल्यास ती उत्पन्नांत धरीत नाहींत. मर्यादा ओलांडली कीं वरचीच नव्हे, सर्व रक्कम धरावी लागते. वास्तुशांतीस एका स्नेह्यानें ३०,००० व दुसऱ्यानें २५,००० दिले, तर पुरे ५५,००० इतर मार्गांचें उत्पन्न म्हणून दाखवावयाचे. कर किती पडेल, हें एकंदर उत्पन्नावर अवलंबून.

नातेवाइकांच्या भेटीस ही मर्यादा नाहीं. मात्र गांवाचें नातें व कायद्याचें नातें एक नव्हे. कायद्यांत पति-पत्नी, दोघांचे भाऊबहिणी, आईबापांचे भाऊबहिणी, दोघांचे सरळ वंशांतील वाडवडील व मुलें-नातवंडें, आणि या सर्वांचे पति वा पत्नी एवढेच येतात. चुलत, मावस भावंडें त्यांत नाहींत. शिवाय नातें घेणाऱ्याच्या बाजूनें मोजतात. चुलत्यानें पुतण्यास लाख रुपये दिले तर कर नाहीं, कारण तो बापाचा भाऊ. तोच पुतण्या परमुलखांतून चुलत्यास लाख रुपये भेट पाठवील, तर ते चुलत्याच्या उत्पन्नांत जमा होतात. भावाचा मुलगा यादींत नाहीं. चुलत्यानें त्यास लहानपणापासून वाढविलें असलें, तरी सूट नाहीं. म्हणून आलेली रक्कम भेट आहे, उसनी आहे, कीं सामायिक जमिनीच्या खर्चाचा वांटा आहे, हें खरें असेल तसें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. तिन्हींचा हिशेब निराळा. उसनी रक्कम शक्यतों बँकेमार्फतच घ्यावी.

लग्नाचा आहेर कोणाकडूनही आला तरी करमुक्त आहे. पण ज्याचें लग्न त्यालाच ही सूट. वरबापास वा वधूपित्यास स्वतःसाठीं स्नेह्यानें दिलेली रक्कम, तसेंच बारसें, मुंज, एकसष्टी यांची भेट या सवलतींत बसत नाहीं. वारशानें वा मृत्युपत्रानें आलेला पैसा मात्र करमुक्त आहे.

रोखीविषयीं आणखी एक बंधन आहे. नातें कितीही जवळचें असो, एका माणसाकडून एका दिवसांत वा एका प्रसंगानिमित्त २ लाख किंवा अधिक रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. दंड घेतलेल्या रकमेइतका होऊं शकतो.

आपल्याकडे आहेराची वही ठेवतात, ती उलट आहेर करण्यासाठीं. तिच्यांतच तारीख, नांव, नातें, कारण, आणि रोख कीं धनादेश, एवढें लिहावें. विवरणपत्र भरणाऱ्यानें करमुक्त भेटही करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यांत दाखवावी. तिनें कर वाढत नाहीं. बँकेंत मोठी रक्कम दिसली, कीं ती कोठून आली हें सांगण्याचा भार घेणाऱ्यावरच असतो, आणि नोंद नसेल तर खरी गोष्टही सिद्ध करणें कठीण जातें.