बहुरूप्याचा फौजदार

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा दर्शनी भाग पालटून त्याला विंडोजचे किंवा मॅकचे रूप देणे हा अनेकांचा आवडता छंद आहे. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा काढून घेतल्यापासून, जुना परंतु धडधाकट संगणक भंगारात देण्यास ज्यांचे मन धजत नाही अशा गृहस्थांच्या दृष्टीने तो नुसता छंदही उरलेला नाही. या वेषांतराविषयी ज्या समजुती रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेक वेषालाच स्वभाव मानल्यामुळे उपजलेल्या आहेत.

त्यांत सर्वांत दृढमूल समजूत अशी की, तळाशी टास्कबार आला, कोपऱ्यात स्टार्टसारखे बटण बसले आणि खिडक्यांच्या माथ्यावरची चिन्हे ओळखीची दिसू लागली, म्हणजे विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रामही त्या संगणकावर बिनदिक्कत चालतील. गावात येणारा बहुरूपी फौजदाराचा पोशाख चढवून, काखेत दफ्तर मारून, दारोदार लटकी फिर्याद वाचून दाखवतो आणि पोराबाळांना घटकाभर दरडावतोही; पण कोणास चावडीवर नेण्याचा अख्त्यार त्या पोशाखातून त्याला प्राप्त होत नाही. ईएक्सई फाइल चालवणे हे काम १९९३ साली आरंभलेल्या वाइन या सर्वस्वी निराळ्या प्रकल्पाचे आहे. विंडोजचा प्रोग्राम ज्या सेवांची मागणी करतो, त्या लिनक्सच्या साधनांनी पुरवण्याची तरतूद वाइन करते, आणि २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने त्याच पायावर प्रोटॉन उभारल्यामुळे पुष्कळसे खेळही लिनक्सवर चालू लागले. वाइन ज्या प्रोग्रामला वश होते, तो अगदी ओबडधोबड डेस्कटॉपावरही चालतो. ज्याला होत नाही, तो कितीही हुबेहूब सजावटीत चालत नाही.

वेष इतक्या सहजपणे पालटता येतो याचे कारण जुने आहे. १९८४ साली एमआयटीमध्ये एक्स या चित्रणव्यवस्थेची घडण झाली, तेव्हा खिडकीची चौकट कशी दिसावी, तिचे बटण डावीकडे असावे की उजवीकडे, याविषयी त्या व्यवस्थेने मुद्दाम काहीच हुकूम दिला नाही; तो कारभार विंडो मॅनेजर नावाच्या स्वतंत्र प्रोग्रामकडे सोपवला, आणि तो प्रोग्राम बदलण्याची मुभा वापरणाऱ्याला ठेवली. याच मुभेतून विंडोज ९५ बाजारात आल्यावर त्याच्या रूपाची नक्कल करणारा एफव्हीडब्ल्यूएम९५ निघाला. पुढे १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे संपूर्ण डेस्कटॉप पुरवणारे प्रकल्प सुरू झाले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मात्र पडद्यावर टास्कबार आहे की नाही, याची आजही वार्ता नसते. म्हणून 'रूप पालटले की सिस्टिम बिघडते आणि सगळे नव्याने बसवावे लागते' ही भीतीही सामान्यतः निराधार आहे. रूपाच्या बहुतेक आवडीनिवडी ज्याच्या त्याच्या होम फोल्डरात नोंदलेल्या असतात, त्यामुळे एकाच संगणकावर वडिलांचा डेस्कटॉप विंडोजसारखा आणि मुलीचा मॅकसारखा असू शकतो. सुरक्षा-परीक्षकांसाठी असलेल्या काली लिनक्सने २०१९ च्या अखेरीस 'अंडरकव्हर' नावाची सोय दिली, ती या लवचिकपणाचा मासलाच होय: चारचौघांत काम करताना शेजाऱ्याचे कुतूहल चाळवू नये म्हणून एक आज्ञा दिली की डेस्कटॉप विंडोज १० सारखा दिसतो, आणि तीच आज्ञा पुन्हा दिली की मूळ रूपावर येतो.

परंतु याच्या उलट टोकाचा गैरसमज, म्हणजे 'थीम ही नुसती रंगरंगोटी, तिने काय बिघडणार?', हा अधिक घातक आहे. ग्नोमच्या परंपरेतील साधी थीम बव्हंशी रंग, कडा आणि अंतरे सांगणाऱ्या नियमांची यादी असते; केडीईच्या प्लाझ्मामधील ग्लोबल थीमबरोबर मात्र प्रत्यक्ष चालणारा कोडही येऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये अशाच एका थीमने एका वापरकर्त्याच्या फायली समूळ पुसून टाकल्या, आणि केडीईच्या लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला. त्यामागे कपटापेक्षा ढिसाळपणाच अधिक असावा, पण गेलेल्या फायलींना तो भेद कळत नाही.

कायद्याचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. रूपसादृश्य आणि नाव यांत अंतर आहे. लिंडोज या लिनक्स वितरणाविरुद्ध मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये दावा लावला तो नावावरून. २००४ मध्ये तडजोड होऊन मायक्रोसॉफ्टनेच दोन कोटी डॉलर मोजले आणि लिंडोजने आपले नाव सोडले. घरगुती सजावटीत खरी अडचण टंकांची येते. ॲपलच्या सॅन फ्रान्सिस्को टंकाचा परवाना ॲपलच्या प्रणालींपुरताच मर्यादित आहे. विंडोजच्या सेगो यूआयऐवजी त्याच मापाचा सेलाविक मायक्रोसॉफ्टने स्वतःच खुला केला आहे, आणि कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो घेतल्यास जुन्या दस्तऐवजातील ओळी जागच्या हलत नाहीत. मला विचाराल तर साऱ्या सजावटीत खऱ्या उपयोगाचा फेरफार हाच.

नवख्या माणसासाठी जितके हुबेहूब साम्य तितके बरे, हे मत मात्र मला मान्य नाही. वेष जितका अस्सल, तितका हात जुन्या वहिवाटीने वागतो: सी ड्राइव्ह शोधतो, जो तेथे नसतोच, प्रोग्राम हवा झाला की संकेतस्थळावरून सेटअप उतरवतो, वास्तविक तो वितरणाच्या भांडारातून घ्यावयाचा असतो. लिनक्स रोमन लिपीतील मोठे आणि छोटे अक्षर भिन्न मानते, त्यामुळे एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिले की दोन फायली होतात. (देवनागरीत नावे देणाऱ्यांना हा जाच नाही, आपल्या लिपीत मोठी-छोटी अक्षरे मुळातच नाहीत.) आमच्या शेजारच्या एका निवृत्त मास्तरांचा संगणक मी मोठ्या हौसेने विंडोजसारखा सजवून दिला, तर आठवडाभर ते उतरवलेल्या सेटअपवर टिचक्या मारीत बसले आणि दोष स्वतःच्या म्हातारपणाला देत राहिले. मग मी टास्कबार तळाशीच ठेवला, पण विंडोजचे चिन्ह काढून तेथे वितरणाचे स्वतःचे चिन्ह लावले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा विचारले, "अरे, यात नवीन प्रोग्राम कुठून घ्यायचा असतो?"