संगणकाच्या कोठारातील मराठी अक्षर

‘अक्षर’ म्हणजे नाश न पावणारे, असे आपण शिकलो. परंतु संगणकाच्या कोठारात ठेवलेले अक्षर नाश पावू शकते, आणि तेही कोणाच्या लक्षात न येता. मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणकशास्त्र हा माझा अभ्यासविषय नव्हे. पण परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्तीच्या याद्या, सातबाराचे उतारे हे सारे आता याच कोठारात असल्यामुळे भाषेच्या विद्यार्थ्यालाही हा प्रश्न परका राहिलेला नाही.

ओळी आणि रकाने आखलेल्या, परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांच्या संग्रहाला ‘रिलेशनल डेटाबेस’ म्हणतात. ‘मायएसक्यूएल’ हा त्यांपैकी एक प्रचलित प्रकार. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. तो आकडे ‘बाइट’ नावाच्या घरांत ठेवतो आणि एका घरात २५६ वेगवेगळ्या आकड्यांपैकी एकच मावतो. इंग्रजीला एवढे पुरते. जगातील साऱ्या लिप्यांना कसे पुरणार? म्हणून प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणारी ‘युनिकोड’ ही योजना १९९१ साली प्रसिद्ध झाली. हे क्रमांक बाइटांत मांडण्याची ‘यूटीएफ-८’ ही पद्धत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली. तीत साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन.

‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. संगणक मात्र ज, पाय मोडण्याची खूण, ञ, काना असे सुटे सुटे मोजतो. चिन्हे होतात १० आणि बाइट ३०. म्हणून रकान्याची लांबी चिन्हांत मोजली जाते की बाइटांत, हे आधी पाहावे. मायएसक्यूएलच्या मजकुराच्या रकान्यात चिन्हे मोजतात. ओरॅकलमध्ये, वेगळे सांगितले नसेल तर, बाइट. तेथे २० लांबीच्या रकान्यात हे नाव मावतच नाही.

मायएसक्यूएलमध्ये आणखी एक मेख आहे. त्यातील ‘यूटीएफ८’ नावाची जुनी सोय चिन्हामागे तीनच बाइट देते. देवनागरीचे त्यात भागते. पण ज्या मोडी लिपीत शतकानुशतके मराठी दप्तरे लिहिली गेली, तिला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली ती चार बाइटांची. जुन्या तक्त्यात मोडी मजकूर घातला, तर कडक शिस्त लावलेला डेटाबेस तो नाकारतो. शिस्त सैल असेल तर पहिल्या मोडी चिन्हापासून पुढचा मजकूर तोडून टाकतो. चार बाइटांची ‘यूटीएफ८एमबी४’ ही सोय २०१० साली आली व २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून आपोआप लागू झाली. त्यापूर्वी न सांगता मिळे ती पश्चिम युरोपीय भाषांपुरती ‘लॅटिन-१’, आणि वर्णक्रम स्वीडिश; कारण तो बनविणारी कंपनी स्वीडनची होती!

उपाय काय? तीन ठिकाणी एकच भाषा ठरवावी: कोठारात, कोठाराकडे नेणाऱ्या जोडणीत आणि मजकूर पाठविणाऱ्या प्रोग्राममध्ये. जोडणीसाठी ‘सेट नेम्स’ ही आज्ञा आहे. कोठारासाठी ‘अल्टर डेटाबेस’ दिली, तरी ती पुढे तयार होणाऱ्या तक्त्यांनाच लागू होते. जुने तक्ते ‘कन्व्हर्ट टू’ने एकेक करून बदलावे लागतात. हे बहुधा राहून जाते.

बिघाड झालाच तर तो दोन प्रकारचा असतो. नावाऐवजी चित्रविचित्र युरोपीय चिन्हांची माळ दिसली, तर धीर सोडू नये. बाइट बहुधा शाबूत असतात, वाचणारा चुकीच्या कोष्टकाने वाचत असतो. पण प्रश्नचिन्हे दिसली, तर ‘हेक्स’ या आज्ञेने आतले बाइट तपासावेत. ‘ई०’ने सुरू होणारी त्रिकुटे दिसली, तर देवनागरी जिवंत आहे व दोष जोडणीत आहे. नुसते ‘३एफ’, ‘३एफ’ दिसले, तर आतही प्रश्नचिन्हच साठले आहे. मूळ कागद किंवा जुनी प्रत नसेल, तर ते नाव परत मिळत नाही.

आमच्यासारख्या अनेक घरांत कॉलेजच्या यादीत लागणारे नाव हे त्या घरातले पहिलेच असते. ते यादीत नीट उमटावे यासाठी कोठार उघडतानाच या दोन-तीन आज्ञा द्याव्या लागतात. संगणकावर नोकरी करू इच्छिणाऱ्या मित्रांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे.