मोटारीचे पंख उडण्यासाठी नसतात!

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता मोशीपुढे इंद्रायणी ओलांडतो आणि चिंबळी, कुरुळी मागे टाकून चाकणला पोहोचतो. कुरुळीच्या परिसरातील विद्यार्थ्यांना नव्या कोऱ्या मोटारींचे नवल नाही. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात २०१६ ते २०२० या काळात अ‍ॅमिओ नावाची एक लहान मोटार तयार होत असे. तिच्यात फेरफार करून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या २०१७ साली ‘अ‍ॅमिओ चषक’ स्पर्धेत धावल्या. घरगुती अ‍ॅमिओ आणि शर्यतीची अ‍ॅमिओ यांच्यातला एक फरक लांबूनही दिसे. शर्यतीच्या गाडीच्या डिकीवर एक रुंद, आडवा पंख बसवलेला होता.

विमानाला पंख असतात ते जमीन सोडण्यासाठी. मग जमिनीला धरून राहायचे त्या मोटारीला पंख कशाला?

वळणावर गाडीला कोण धरून ठेवते?

दोरीला दगड बांधून गरगर फिरवा. दगडाला वर्तुळात ठेवते ती दोरीची ओढ. तिला आपण अभिकेंद्री बल म्हणतो. वळणावरच्या मोटारीला अशी दोरी नसते. तिथे हे काम टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण करते. घर्षणाची कमाल मर्यादा म्हणजे घर्षण गुणांक गुणिले टायर रस्त्यावर ज्या बलाने दाबला जातो ते बल. वेग इतका वाढला की लागणारे अभिकेंद्री बल या मर्यादेपलीकडे गेले, तर गाडी वळणाबाहेर घसरते.

तुम्ही म्हणाल, मग गाडीत वाळूची पोती भरावीत. टायर आपोआप दाबले जातील! पण थोडा विचार करा. वस्तुमान दुप्पट केले तर घर्षण दुप्पट होते हे खरे; परंतु तेवढ्याच वस्तुमानाला वळवायला लागणारे अभिकेंद्री बलही दुप्पट होते. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वस्तुमान कटते आणि पोती वाहण्याचे श्रम तेवढे फुकट जातात. आपल्याला हवे आहे ते असे बल, जे टायर दाबील पण वस्तुमान वाढवणार नाही. असे बल हवेकडून मिळते.

उलटा पंख

विमानाचा पंख हवेला खाली ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा पंखाला वर ढकलते. मोटारीवरचा पंख उलटा बसवलेला असतो. तो हवेला वर फेकतो आणि स्वतः खाली दाबला जातो. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आकडे घालून पाहू. पंख दीड मीटर लांब व २० सेंटीमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरू आणि पंखाच्या आकारावर व कलावर अवलंबून असणारा गुणांक १ मानू. या सर्वांच्या गुणाकाराच्या निम्मे, गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे खाली दाबणारे बल:

ताशी ३६ किलोमीटर वेगाला: १८ न्यूटन
ताशी ७२ किलोमीटर वेगाला: ७२ न्यूटन
ताशी १४४ किलोमीटर वेगाला: २८८ न्यूटन

२८८ न्यूटन म्हणजे सुमारे २९ किलोग्रॅमचे वजन. चालकासह १००० किलोग्रॅमच्या गाडीला हे क्षुल्लक वाटेल. पण एक गोष्ट विसरू नका. मोटारीचा घुमटाकार वरचा भाग स्वतःच विमानाच्या पंखासारखा वागतो आणि वेग वाढला की गाडीला किंचित उचलू लागतो. समजा, आपल्या गाडीची ही उचलही ताशी १४४ किलोमीटरला २८८ न्यूटनच आहे. म्हणजे पंखाने ती बरोबर रद्द केली. जे वळण पंख असताना ताशी १४४ किलोमीटरने घेता येते, तेच पंखाशिवाय सुमारे १४२ ने घ्यावे लागेल. शर्यतीत असे प्रत्येक वळण प्रत्येक फेरीत येते. त्यामुळे हा दोन किलोमीटरांचा फरक मोलाचा ठरतो.

अर्थात हवा काही फुकट देत नाही. पंख मागेही ओढतो. हा रोध दाबाच्या एकषष्ठांश, म्हणजे ४८ न्यूटन धरला, तर त्याच वेगाला इंजिनाची सुमारे अडीच अश्वशक्ती केवळ पंख वाहून नेण्यात खर्ची पडते.

तराजूचा तोल

पंख मागच्या आसाच्याही अर्धा मीटर मागे आहे आणि दोन आसांमधील अंतर अडीच मीटर आहे असे समजा. आता तरफेचा नियम लावा. २८८ न्यूटनच्या दाबाने मागच्या चाकांवरील भार ३४६ न्यूटनांनी वाढतो आणि पुढच्या चाकांवरील भार ५८ न्यूटनांनी घटतो! गाडी वळवतात ती पुढची चाके. ती हलकी झाली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी पुरेशी वळत नाही. म्हणून जाणकार मागे पंख लावताना पुढे बंपरखाली एक सपाट, पुढे आलेली फळीही लावतात. तिला स्प्लिटर म्हणतात. तिच्या वर हवा अडून दाब वाढतो, खालून हवा वेगाने निसटून दाब घटतो, आणि गाडीचे नाक दाबले जाते.

तोलाचे हे मर्म मायकेल मे या तरुण स्विस अभियंत्याने १९५६ सालीच ओळखले होते. आपल्या छोट्या पोर्शे ५५० स्पोर्ट्‌स गाडीवर त्याने पंख बसवला तो शेपटीवर नव्हे, तर मध्यभागी, चालकाच्या डोक्यावर. जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथे आयोजकांनी मात्र तो काढायला लावला. पुढे १९६८ साली फॉर्म्युला वन गाड्यांवर पंख आले. मे १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या मॉन्टजुइक शर्यतीत लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. त्याच महिन्यात उंच पंखांवर बंदी आली. वळणाच्या मध्यावर पंख तुटला तर ज्या पकडीच्या भरवशावर चालकाने वेग वाढवला, तीच क्षणात नाहीशी होते.

आता रस्त्यावरच्या हौशी पंखांकडे पाहा. कुरुळीजवळच्या वाहतुकीत ताशी ३६ किलोमीटरला आपल्या पंखाचा दाब १८ न्यूटन, म्हणजे दोन किलो साखरेच्या पिशवीहूनही कमी. फायदा नाही, आणि महामार्गावर भलत्या ठिकाणी बसवलेला पंख पुढची चाके हलकी करील, तो धोका वेगळाच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ बनावटीत मनाजोगते फेरफार करू देत नाही, त्यामागील शहाणपण यावरून कळेल.

करून पाहा

स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक जड ठोकळा ठेवा. त्यावर दोन काड्यांच्या आधाराने पत्त्याएवढा पुठ्ठा बसवा. प्रथम पुठ्ठा काढून, टेबलपंख्याचा वारा आडवा सोडून काट्यावरचा आकडा टिपा. मग पुठ्ठा लावून, वाऱ्याकडची कड खाली व मागची कड वर असा कल देऊन पुन्हा टिपा. दोन आकड्यांतील फरक म्हणजे पुठ्ठ्यावरचा दाब. कल ५, १०, १५ अंश असा वाढवत न्या आणि आलेख काढा. दाब वाढतच जातो, की एका कलानंतर वाढ थांबते? आणि थांबत असेल, तर का?