रेकॉर्डच्या काठावरचं डमडम

सकाळचे जेमतेम नऊ वाजले होते आणि डमडम कँटोन्मेंट स्टेशनाचा जिना उतरेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. ऑगस्ट 2025 मध्ये विमानतळ ते नोआपाडा मेट्रो सुरू झाली. तेव्हापासून विमानातून उतरलेला माणूस टॅक्सीवाल्याशी भाव न करता दुसऱ्याच स्टेशनावर इथं पोचतो. मित्र खाली टोटो थांबवून उभा होता. टोटो म्हणजे विजेवर चालणारी रिक्षा. "आज काही बघायचं-बिघायचं नाही हं," बसता बसताच त्यानं बजावलं. "ऊन कलेपर्यंत घरात बसायचं. इथं उन्हाळा असाच काढतात."

मित्र सांगलीचा. बँकेच्या बदलीवर इथं आला, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि गोराबाजाराजवळ स्थिरावला. चंद्रपूरला त्रेचाळीस अंशांतही अंग कोरडं राहतं. इथं सदतीस अंशांतच घामाच्या धारा लागतात. या चिकचिकीला बंगालीत 'पॅचपॅचे गोरोम' म्हणतात. शब्द ऐकताच मानेवरचा घाम आठवावा असा. वहिनींनी दारातच पन्ह्याचा पेला हातात दिला. आपण कैरी उकडतो, गूळ-वेलची घालतो. इथं ती निखाऱ्यावर भाजतात आणि जिरं, काळं मीठ घालतात. धुरकट वासाचं ते पन्हं मी तीन पेले प्यालो.

डमडमचा इतिहास बंदुकीच्या नळीतून आलेला. 1783 पासून सत्तर वर्षं कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्याचं ठाणं इथं होतं. गोऱ्या शिपायांचा बाजार तो गोराबाजार. काडतुसांच्या चरबीची बोलवा जानेवारी 1857 मध्ये इथूनच फुटली. लागताच फुलून शरीर फाडणारी गोळी 1890 च्या दशकात इथल्याच दारूगोळ्याच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याच्या देखरेखीखाली तयार झाली. 1899 च्या हेग परिषदेनं तिच्यावर बंदी घातली, पण तोवर गावाचं नाव गोळीला चिकटलं होतं. इथले लोक गावाला दमदम म्हणतात आणि हा शब्द मराठी माणसाला परका नाही. पुरंदरच्या वेढ्यात मोगलांनी काळ्या बुरुजासमोर लाकडी दमदमा उभा केला होता, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. दमदमा म्हणजे तोफा चढवायचा उंचवटा. इथंही तसं टेकाड आहे.

पण मी आलो होतो वेगळ्याच डमडमसाठी. आमच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता. काळ्या तबकडीच्या मधल्या गोल कागदावर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा, त्याखाली गाण्याचं नाव, आणि अगदी काठाला बारीक इंग्रजी अक्षरांत डमडम. लहानपणी मला वाटायचं, ते वाद्याच्या आवाजाचं नाव असावं. पुढं कळलं, ते गावाचं नाव. भारतात ध्वनिमुद्रण 1902 मध्ये सुरू झालं, पण सुरुवातीला तबकड्या जर्मनीत हॅनोवरला तयार होऊन बोटीनं परत यायच्या. 1908 मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीस तो जेसोर रोडवर डमडमला आला. त्यानंतर हिंदुस्थानातल्या कितीतरी भाषांतली गाणी या एका गावातून घरोघरी गेली.

मित्राच्या शेजारी ऐंशी उलटलेले एक गृहस्थ राहतात. सगळी गल्ली त्यांना जेठू म्हणते, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचं उभं आयुष्य त्या कारखान्यात तबकड्या दाबण्यात गेलं. वडीलही तिथंच होते. मित्रानं सांगलीच्या घरून आणलेली एक तबकडी कपड्यात गुंडाळून बरोबर घेतली आणि आम्ही त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. जेठू गुडघ्यापर्यंत लुंगी आवळून, खांद्यावर ओला गमछा टाकून बसले होते. तबकडी त्यांनी दोन तळव्यांत फक्त कडेला धरली. मग अंगठा काठावरून सावकाश फिरवला, लहान मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा. "ही माझ्या हातची नाही. बाबांच्या काळातली," ते म्हणाले.

तबकडी होती ग. ना. जोशींनी गायलेल्या 'शीळ'ची. कविता मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची. विदर्भातल्या कवीचे शब्द, मराठी गळा, आणि ठसा उमटला इथं, आम्ही बसलो होतो तिथून हाकेच्या अंतरावर.

मग जेठूंनी हातांनी हवेत कारखाना उभा केला. मेणावर मुद्रण व्हायचं, त्यावरून धातूचा साचा निघायचा, त्या साच्यावरून ठसे. लगदा लाखेचा. लाख थोडीच, बाकी दगडाची वस्त्रगाळ पूड, कापसाचं तूस आणि रंगाला काजळी. लाखेचे किडे पोसतात पळसावर, बोरीवर, कुसुमावर; तो मुलूख छोटा नागपूर, पुरुलियाचा, म्हणजे इथून जवळच. वाफेनं तापलेल्या टेबलावर लगद्याची वडी मऊ करायची. खालच्या-वरच्या ठशांवर लेबलं आधीच पालथी ठेवायची, मध्ये वडी, आणि दाब. आधी वाफ, मग गार पाणी. "लेबलाला डिंक लावायचा नसतो. ते लाखेतच मुरतं." इतकी वर्षं ज्या कुत्र्याच्या चित्राला मी नखानं खरवडून पाहत होतो, ते का निघत नव्हतं, हे त्या क्षणी समजलं.

"मे महिन्यातही तिथंच उभं राहायचं?" मी विचारलं. "वाफेपाशी उभा राहणाऱ्याला मे काय आणि पौष काय," जेठू म्हणाले. आपलं भावगीत तीन-सव्वातीन मिनिटांत आटोपतं, ते या दहा इंची तबकडीच्या मापामुळे. त्या मापात सगळं सांगायला आपले कवी आणि गायक शिकले. पुढं लांब वाजणारी तबकडी आली, मग कॅसेट, आणि लाखेच्या तबकडीचा काळ संपला. उठताना जेठू म्हणाले, "संध्याकाळी या. ग्रामोफोनला तेल घालून ठेवतो."

दुपारी भात, कैरी घातलेलं मसुरीचं वरण, दोडका-खसखस आणि पाबदा मासा. नंतर लाल सिमेंटच्या गार जमिनीवर चटई टाकून आडवं व्हायचं. आपण वामकुक्षी म्हणतो, इथं 'भातघूम', म्हणजे भाताची झोप. हिरव्या झडपा ओढलेल्या, पंखा गरगरतोय, गल्लीत ताडगोळेवाल्याची एखादी हाक. चार वाजेपर्यंत अख्खी गल्ली निजलेली होती. मुंबईत मला अशी दुपार कैक वर्षांत मिळालेली नाही.

ऊन कलल्यावर चिरमुऱ्यांचा पुडा घेऊन बाहेर पडलो. सांगलीच्या भडंगावर वाढलेल्या मित्रालाही आता मोहरीच्या कच्च्या तेलाशिवाय चिरमुरे गोड लागत नाहीत. नागेरबाजारजवळच्या टेकाडावर कंपनी सरकारच्या क्लाइव्हचं घर, क्लाइव्ह हाउस, आहे. 2001 मध्ये पुरातत्त्व विभागानं तिथं उत्खनन केलं तेव्हा क्लाइव्हच्या कितीतरी आधीच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. आज मात्र विटा उघड्या पडल्यात, भिंतींना पिंपळ फुटलेत. संरक्षित वास्तूची ही दशा पाहून वाईट वाटतं. त्याहून अधिक वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं: गावाचं नाव जगभर झालं ते एका क्रूर गोळीमुळं, आणि जिथून लाखो घरांत गाणं पोचलं त्या कामाची, ते करणाऱ्या हातांची साधी पाटी मला चौकात कुठं दिसली नाही. एक दाबयंत्र, चार ठसे, लाखेची एक वडी एवढं काचेत ठेवलं तरी लोक लांबून येतील. मी तरी येईन.

परतताना आभाळ वायव्येकडून काळंभोर झालं. कालबैशाखी. आपल्या वळवाचंच भावंड, पण वारा कितीतरी आडदांड. जेठूंच्या पडवीत शिरेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले आणि वीज गेली. पंखा थांबला. गल्लीभर अंधार.

जेठूंनी अंधारातच चावी भरली. चाचपून सुई बसवली. या यंत्राला वीज लागतच नाही. खरखर झाली आणि पावसाच्या आवाजातून मराठी शब्द वर आले. जेठूंना त्यातला एकही कळत नव्हता. ते गमछा मुठीत धरून, मान किंचित कलती करून ऐकत होते. सुई शेवटच्या खाचेत फिरू लागली तशी त्यांनी ती उचलली, तबकडी गमछ्यानं हलकेच पुसली आणि मित्राला म्हणाले, "दुसरी बाजू लाव रे."