अश्वांसाठी सुरक्षित व हानिकारक चारा-वनस्पतींची ओळख : स्वारगेट परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
स्वारगेट या नावातील 'स्वार' म्हणजे घोडेस्वार, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. आज हा चौक एस.टी. स्थानकासाठी ओळखला जातो. तथापि पुणे शहरात वरातीचे, रपेटीचे आणि शर्यतीचे घोडे आजही पाळले जातात. शहरात स्वतंत्र कुरण उरले नसल्याने लहान अश्वपालक विकतच्या पेंढ्यांवर किंवा कालव्याकाठी कापलेल्या गवतावर अवलंबून असतो. अशा वेळी गवताची अचूक ओळख हा घोड्याच्या जीविताचा आणि पर्यायाने मालकाच्या उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

अश्वाच्या पचनसंस्थेचे वेगळेपण :
गाय-म्हैस रवंथ करतात. त्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव चाऱ्यातील अनेक विषारी घटकांचे विघटन करतात. घोड्यामध्ये तंतुमय चारा पोटात नव्हे, तर मोठ्या आतड्यात आंबतो. त्यामुळे घातक घटक त्याआधीच रक्तात शोषले जाऊ शकतात. शिवाय घोड्याला वांती होत नाही. म्हणूनच 'गुरांना चालते ते घोड्याला चालते' हा समज धोक्याचा आहे.

सुरक्षित गवते :
हरळी जमिनीलगत पसरते व तिच्या दांड्याच्या टोकाला एकाच बिंदूतून बोटांसारखी तीन ते सहा कणसे फुटतात. मारवेलच्या पेरांवर पांढऱ्या केसांचे कडे दिसते. ही दोन्ही गवते तसेच पवन्या घोड्यास सर्वसाधारणपणे मानवतात. कुसळी मात्र फुलोऱ्यापूर्वीच कापावी. तिची पिळदार, टोकदार कुसळे तोंडात व हिरड्यांत रुततात.

हानिकारक चारा :
१) संकरित नेपियर : 'यशवंत', 'फुले जयवंत' यांसारखे वाण दुभत्या जनावरांसाठी उपयुक्त आहेत. परंतु नेपियरमधील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. केवळ हाच चारा दीर्घकाळ दिल्यास घोड्याचे शरीर हाडांतील कॅल्शियम ओढून घेते, जबड्याची हाडे सुजतात आणि लंगडेपणा येतो. सोबत गव्हाचा कोंडा भरपूर दिल्यास त्यातील फॉस्फरसमुळे हा दोष बळावतो.

२) ज्वारी : कोवळ्या, सुकलेल्या किंवा खोडव्याच्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. सतत हिरवी ज्वारी खाल्ल्यास घोड्याचे मागील पाय लटपटतात व मूत्राशयावरील ताबा सुटतो.

३) सुबाभूळ : उरुळीकांचन येथील बायफ संस्थेने चारावृक्ष म्हणून प्रसार केलेल्या या झाडात मिमोसीन असते. त्याच्या अतिसेवनाने घोड्याची आयाळ व शेपटीचे केस गळतात.

४) खुळखुळा : पिवळी फुले आणि वाळल्यावर वाजणाऱ्या फुगीर शेंगा ही याची खूण. यातील विष यकृताची हानी करते. लक्षणे अनेक आठवड्यांनी वा महिन्यांनी उमटतात. वाळवूनही विष नाहीसे होत नाही.

५) कण्हेर, बेशरम व गाजर गवत : रस्तादुभाजकांवर लावली जाणारी कण्हेर हृदयावर आघात करते, तिची मोजकी पानेही प्राणघातक ठरतात. पाणथळ जागी व कालव्याकाठी वाढणारी बेशरम मज्जासंस्थेस बाधक आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजर गवत नावाने गवत असले, तरी सूर्यफुलाच्या कुळातील तण आहे. त्याने त्वचादाह होतो.

परीक्षणाची पद्धत :
पेंढी उघडून पसरावी. खरे गवत पोकळ वा भरीव पेरांचे, समांतर शिरांच्या लांबट पानांचे असते. रुंद पाने, जाळीदार शिरा, रंगीत फुले किंवा शेंगा दिसल्यास ती वनस्पती वेगळी काढावी. बुरशीचा वास येणारी पेंढी टाकून द्यावी. चारा बदलताना सुमारे दहा दिवसांत हळूहळू बदल करावा. भुकेल्या घोड्यास अनोळखी जागी चरावयास सोडू नये, कारण भुकेपोटी तो एरवी टाळलेली पानेही खातो. विषबाधेची शंका येताच चारा थांबवून त्याचा नमुना पशुवैद्यकास दाखवावा.

समारोप :
कोणतेही गवत केवळ जातीवरून सुरक्षित वा घातक ठरत नाही. त्याचे वय, प्रमाण, सोबतचे खाद्य आणि खाणारा प्राणी यांवर ते ठरते. कुरणे नष्ट झालेल्या शहरात ही पारख पिढीजात अनुभवातून सहज मिळेनाशी झाली आहे. म्हणून अश्वपालक व चारा-विक्रेते यांना पेंढीतील वनस्पती प्रत्यक्ष दाखवून प्रशिक्षण देणे हाच सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय.