स्टार खेळाडूनं टीम सोडली की फॅन्सना एवढं का लागतं?

१ एप्रिल २०२४. वानखेडेवर मुंबई इंडियन्स विरुद्ध राजस्थान रॉयल्स अशी मॅच होती. टॉससाठी मुंबईचा कॅप्टन मैदानात आला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. शेवटी टॉस घेणाऱ्या संजय मांजरेकर यांना माईकवरून लोकांना सांगावं लागलं की जरा नीट वागा.

हा कॅप्टन होता हार्दिक पंड्या. आठवडाभर आधी, २४ मार्चला अहमदाबादमध्येही त्याच्यासोबत हेच झालं होतं.

आता गंमत बघा. अहमदाबादचे लोक चिडले होते कारण हार्दिक त्यांना सोडून गेला. मुंबईचे लोक चिडले होते कारण हार्दिक त्यांच्याकडे आला आणि रोहित शर्माची कॅप्टनशिप गेली. माणूस एकच, पण राग दोन्हीकडून.

आणि हा राग फक्त स्टेडियममध्ये नव्हता. येवल्यात बसून मोबाईलवर मॅच बघणारा, आयुष्यात एकदाही वानखेडेची पायरी न चढलेला पोरगाही "आमच्या रोहितला काढलं" म्हणून स्टेटस टाकत होता. त्याचं ना टीमशी काही कॉन्ट्रॅक्ट, ना मालकाशी ओळख. तरी त्याला एवढं का लागलं? आणि ज्याला आपण "गद्दार" म्हणून मोकळे होतो, त्या खेळाडूच्या हातात नेमकं किती असतं?

आधी हार्दिकचं प्रकरण समजून घेऊ

हार्दिकला मुंबई इंडियन्सनं २०१५ मध्ये १० लाखांत घेतलं होतं. तिथंच तो मोठा झाला. २०२२ च्या मेगा ऑक्शनआधी प्रत्येक टीमला मोजकेच खेळाडू ठेवता येणार होते आणि मुंबईनं त्याला सोडलं. हा मुद्दा बरेच जण विसरतात. पहिल्यांदा टीमनं हार्दिकला सोडलं होतं.

नव्यानं आलेल्या गुजरात टायटन्सनं त्याला १५ कोटींत घेऊन कॅप्टन केलं. त्यानं पहिल्याच वर्षी, २०२२ ला ट्रॉफी जिंकून दिली आणि २०२३ ला टीम परत फायनलला नेली. त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ट्रेडमधून मुंबईत परतला. मूळ टीमकडे परत जाण्याची इच्छा त्यानंच बोलून दाखवली, असं गुजरातच्या व्यवस्थापनानं तेव्हा सांगितलं.

१५ डिसेंबरला मुंबईनं त्याला कॅप्टन केलं. रोहितनं मुंबईला पाच ट्रॉफ्या जिंकून दिल्या होत्या. लाखो लोकांनी मुंबई इंडियन्सला अनफॉलो केल्याच्या बातम्या आल्या. पण कॅप्टन कोण असावा हा निर्णय टीमच्या व्यवस्थापनाचा होता. व्यवस्थापन काही टॉसला येत नाही. टॉसला हार्दिक आला, म्हणून बोलणी त्यानं खाल्ली.

आयपीएलमध्ये खेळाडू मनानं टीम बदलू शकतो का?

सरळ उत्तर आहे, नाही. इथं टीम बदलण्याचे ढोबळ मार्ग तीन आहेत आणि एकातही खेळाडू एकटा काही ठरवू शकत नाही.

पहिला मार्ग ऑक्शन. खेळाडू आपलं नाव देतो आणि बेस प्राइस सांगतो. पुढं कोण बोली लावणार, कुठल्या शहरात जायचं, हे त्याच्या हातात नसतं. रिषभ पंत दिल्लीतून बाहेर पडून नोव्हेंबर २०२४ च्या ऑक्शनमध्ये उतरला. लखनौनं त्याला २७ कोटींना घेतलं. आकडा विक्रमी होता, पण लखनौला जायचं हे पंतनं निवडलेलं नव्हतं.

दुसरा मार्ग ट्रेड. यात दोन टीम आपसात व्यवहार करतात. खेळाडूची संमती लागते, पण त्याच्या टीमची तयारी नसेल तर संमतीला काही अर्थ नसतो.

तिसरा मार्ग रिलीज. टीमला तुम्ही नको असाल तर टीम तुम्हाला सोडते. मग पुन्हा ऑक्शन आहेच.

"मी स्वतःच दुसऱ्या टीमशी बोलतो" असं म्हणून चालत नाही, हे रवींद्र जडेजाला चांगलंच माहीत आहे. पहिले दोन सीझन तो राजस्थान रॉयल्सकडे होता. करार नव्यानं न करता दुसऱ्या फ्रँचायझीशी बोलणी केल्याबद्दल त्याच्यावर २०१० च्या पूर्ण सीझनची बंदी आली.

पुढं २०१२ पासून जडेजा चेन्नईचा झाला. २०२३ च्या फायनलला शेवटच्या दोन बॉलवर सिक्स आणि फोर मारून त्यानं ट्रॉफी आणली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसनच्या बदल्यात तोच जडेजा राजस्थानला ट्रेड झाला. त्याचं मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आलं. चेन्नईच्या फॅन्सना ते पचवणं जड गेलं. पण इथंही "सोडून गेला" म्हणायचं की "देऊन टाकला", हा प्रश्न उरतोच.

मग खेळाडूला निवडीचा हक्क कुठं आहे?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं बेसबॉल. तिथं एक शब्द आहे, फ्री एजन्सी. म्हणजे करार संपला की खेळाडू मोकळा. वाटेल त्या टीमशी बोला, वाटेल तिथं सही करा.

पण हा हक्क फुकट मिळालेला नाही. पूर्वी बेसबॉलमध्ये नियम असा होता की करार संपला तरी खेळाडूवर टीमचाच हक्क राहायचा. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सनं कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाला ट्रेड केलं. बारा सीझन एका टीमसाठी खेळलेल्या फ्लडनं जायला नकार दिला. मी काही विकायची वस्तू नाही, अशी त्याची भूमिका होती. तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात तो हरला आणि त्याचं करिअरही त्यातच संपलं.

पण वाट पडली होती. डिसेंबर १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचर्सच्या प्रकरणात लवादानं खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला आणि जुना नियम मोडला. आज तिथं सर्वोच्च लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाली की करार संपल्यावर खेळाडू फ्री एजंट होऊ शकतो.

याचा अर्थ तिथले फॅन्स समजूतदार आहेत असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटोनं न्यूयॉर्क यँकीज सोडून त्याच शहरातल्या मेट्सशी १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. मे २०२५ मध्ये तो यँकीजच्या मैदानावर परत आला तेव्हा त्याचीही जोरदार हुर्यो उडवली गेली. म्हणजे हक्क कायद्यानं मिळाला, तरी फॅन्सनी तो मनानं मान्य केलाच असं नाही.

येवल्याची टीम नेमकी कोणती?

आता घराजवळ येऊ. महाराष्ट्र राज्य एक असलं तरी रणजी ट्रॉफीत आपल्या तीन टीम खेळतात, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नाशिक जिल्हा येतो पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. म्हणजे येवल्यातला एखादा पोरगा चांगला खेळायला लागला तर त्याची वाट नाशिक जिल्ह्याच्या टीममधून महाराष्ट्राच्या टीमकडे जाते, मुंबईकडे नाही. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रानं बडोद्याविरुद्धची रणजी मॅच नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर खेळली. येवल्यापासून हे मैदान साधारण ८० किलोमीटरवर.

थोडक्यात, आपण टी-शर्ट घालतो मुंबई इंडियन्सचा, पण नियमानं आपली टीम आहे महाराष्ट्र. आणि याच टीममध्ये २०२५ ला मुंबई सोडून आलेला एक स्टार दाखल झाला, पृथ्वी शॉ.

रणजीसारख्या स्पर्धांमध्ये ऑक्शन नसतं. इथं चालते एनओसी. खेळाडूनं जुन्या असोसिएशनकडं ना-हरकत पत्र मागायचं, ते मिळालं की दुसऱ्या राज्याकडून खेळायचं. निदान कुठल्या राज्याशी बोलायचं हे इथं खेळाडू ठरवतो. म्हणून आपल्याकडे फ्री एजन्सीच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच.

पृथ्वी म्हणजे मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये एका डावात ५४६ करणारा मुलगा. २०१८ ला भारताला अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकून देणारा कॅप्टन. टेस्ट पदार्पणात शतक. जानेवारी २०२३ मध्ये त्यानं मुंबईकडून आसामविरुद्ध ३७९ केले, रणजीच्या इतिहासातली दुसऱ्या क्रमांकाची खेळी. पहिल्या क्रमांकावर आहेत भाऊसाहेब निंबाळकर, १९४८ साली नाबाद ४४३, आणि तेही महाराष्ट्राकडून.

पण नंतर घसरण झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला मुंबईच्या रणजी टीममधून वगळलं. पुढच्याच महिन्यात आयपीएल ऑक्शनमध्ये ७५ लाख बेस प्राइसवर कुणीही घेतलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये त्यानं एनओसी घेतली आणि जुलैमध्ये महाराष्ट्राकडे आला. ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ गहुंजेला मुंबईविरुद्धच सराव सामना होता. तिथं त्यानं १८१ केले आणि आउट होऊन परतताना मुंबईच्या खेळाडूंशी त्याची बाचाबाची झाली. सामना सरावाचा होता, पण जुनं घर सोडल्याची खदखद दोन्ही बाजूंना असावी. त्याच महिन्यात त्यानं महाराष्ट्राकडून चंदीगडविरुद्ध २२२ केले.

यशस्वी जैस्वालचं प्रकरण उलटं. एप्रिल २०२५ मध्ये त्यानं गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबईकडे एनओसी मागितली. आझाद मैदानावरच्या तंबूत राहून मोठा झालेला मुलगा मुंबई सोडतोय म्हटल्यावर फॅन्स हळहळले, काही चिडले. पण महिन्याभरात त्यानं विचार बदलला आणि तो मुंबईतच राहिला.

काही जण गेले, पण कुणीच चिडलं नाही

वसीम जाफर हा मुंबईचा मोठा खेळाडू. करिअरच्या शेवटी तो विदर्भाकडे गेला. २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी सलग दोन वर्षं विदर्भानं रणजी जिंकली, दोन्ही वेळा जाफर टीममध्ये होता. अमोल मुजुमदार २००९ मध्ये मुंबई सोडून आसामकडे गेले, नंतर आंध्रकडून खेळले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय महिला टीमनं २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला.

या दोघांना कुणी गद्दार म्हटलं नाही. म्हणजे फॅन्स फक्त "सोडलं" म्हणून चिडत नाहीत. ते बघतात की खेळाडू कधी गेला, कुठं गेला आणि कसा गेला. उतरत्या काळात गेला तर सहानुभूती. ऐन भरात, थेट प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर राग. आणि सगळं गुपचूप ठरून अचानक बातमी आली तर राग दुप्पट.

पण मुळात राग येतोच का?

१९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये फुटबॉल टीम जिंकली की पुढच्या सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून यायचे. टीम जिंकली तर ते "आम्ही जिंकलो" म्हणायचे, हरली तर "ते हरले".

आपलंही तेच आहे. टीमचं यश आपण स्वतःच्या खात्यावर लिहितो. स्टार खेळाडू हा त्या यशाचा चेहरा असतो. तो गेला की आपल्या खात्यातलं काहीतरी कुणी काढून नेल्यासारखं वाटतं. त्यात फॅन हा एकटाच असा आहे, ज्याला टीम बदलता येत नाही. मालक खेळाडू बदलतो, खेळाडू टीम बदलतो, फॅन मात्र तिथंच. हे दुःख खरं आहे आणि त्याची टिंगल करायचं कारण नाही.

पण आपल्या रोजच्या जगण्याला हा नियम लावून बघा. येवल्यातला पैठणी विणणारा कसबी कारागीर एका मागावरून दुसऱ्याकडे गेला, जिथं मजुरी बरी मिळते, तर आपण त्याला गद्दार म्हणतो का? नाही ना. उलट "हुशार निघाला" म्हणतो. खेळाडूचं करिअर तर जेमतेम दहा-पंधरा वर्षांचं. एक दुखापत झाली की तेही नाही.

मग पोस्ट टाकण्याआधी तीन प्रश्न

पहिला, तो स्वतः गेला की टीमनं सोडलं? दुसरा, नियमानं त्याला निवड होती का? तिसरा, ज्या निर्णयाचा राग आहे तो नेमका कुणी घेतला? वाईट वाटणं ठीक, निषेध ठीक, अनफॉलो करणंही ठीक. पण खेळाडूच्या बायकोच्या, आईवडिलांच्या फोटोखाली जाऊन शिव्या देणं, याचा क्रिकेटशी काहीच संबंध नाही.

आणि राग किती टिकतो तेही बघा. २०२४ ला मुंबई इंडियन्स दहाव्या, म्हणजे शेवटच्या नंबरवर राहिली. मग २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-२० वर्ल्ड कपची फायनल झाली. शेवटच्या ओव्हरमध्ये दक्षिण आफ्रिकेला १६ रन्स हव्या होत्या, बॉल होता हार्दिकच्या हातात. भारत ७ रन्सनी जिंकला. ४ जुलैला टीम मुंबईत आली तेव्हा वानखेडेवर "हार्दिक, हार्दिक" अशा घोषणा सुरू होत्या. १ एप्रिलपासून मोजलं तर जेमतेम तीन महिने झाले होते.