विमानाचे शेपूट

बाणाला मागे पिसे लावतात ती तो सरळ जावा म्हणून. विमानाच्या शेपटाचेही तेच काम. पण तेवढ्याने भागत नाही. १९०२ साली अमेरिकेत राइट बंधूंनी स्वतः बांधलेल्या, एकावर एक दोन पंखांच्या, बिनइंजिनी विमानाला मागे दोन उभे पडदे पक्के बसवले. विमान कलले की खालच्या बाजूला घसरे, वारा पडद्यांवर आदळे, आणि नाक तिकडेच वळे. पंख वाळूत रुते. बंधू याला ‘विहीर खणणे’ म्हणत. हाडे मोडायची वेळ, पण थट्टा सुटली नाही! मग धाकट्या ऑर्व्हिलने सुचवले, शेपूट फिरते करू. दोन पडद्यांचा एकच झाला, होडीच्या सुकाणूसारखा. थोरल्या विल्बरने त्याच्या दोऱ्या पंख पिळणाऱ्या दोऱ्यांना जोडल्या, आणि विमान सावरू लागले.

तुडीलच्या गुरुजींनी पुठ्ठ्याचे विमान करून पाहावे. उभ्या शेपटाची मागची कड जरा डावीकडे वाकवा. ते डावीकडे वळेल.